इतर सूचना असल्यास

शाहपुरात पीएच.डी. करणाऱ्या माणसाची विचारपूस जुनाट दुखणं असलेल्या माणसासारखी होते. "कधीपासून आहे?" "कोणाचं चालू आहे, इंदूरचं का इथलंच?" "फरक पडू राहिला का काही?" हे तोंडावर. मग आवाज उतरवून आईला, "अजून किती दिवस म्हणतात वं?" माझ्या आत्यानं तर एकदा सुचवलं, की इतक्या दिवसांत गुण येत नसेल तर दुसरीकडं दाखवून पाहा. तिचा रोख गाइड बदलण्याकडं होता.

नियमानं पाहिलं तर मी अजून धडधाकट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीप्रमाणं पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. बायकांना आणखी दोन वर्षांची सवलत. हा नियम घरात जाहीर वाचला गेला तेव्हा आत्या समाधानानं म्हणाली, "दोन वर्षं लग्नासाठी सोडली असतील. सरकारलेही कळते, तुलेच कळत नाही."

गावाचा ठावठिकाणा सांगायचा तर इंदूर-इच्छापूर रस्त्यावर बऱ्हाणपूर सोडून दक्षिणेला निघालं की शाहपूर लागतं. तसंच पुढं गेलं की इच्छापूर, तिथली टेकडीवरची देवी, आणि देवीला हात जोडून डोळे उघडेपर्यंत महाराष्ट्र, मुक्ताईनगर तालुका. कचेरीत हिंदी, बागेत आणि भांडणात मराठी, असा आमचा कारभार आहे. पलीकडं तलाठी येतो, इकडं पटवारी. केळी मात्र दोन्हीकडं तीच, आणि केळीवर पडणारा रोगही सीमेवर थांबून परवाना दाखवत नाही.

विषय केळीच घेतला. हे ऐकल्यावर गावातल्या निम्म्या लोकांनी कुंडी भंडारा घ्यायला सांगितलं. कुंडी भंडारा म्हणजे १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानानं बऱ्हाणपुरासाठी करवून घेतलेली भूमिगत पाण्याची व्यवस्था. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी नुसत्या उतारानं शहरात आणणारी आणि अजून वाहती. "त्याच्यावर आधीच खूप लिहिलेलं आहे," असं मी म्हटलं, तर एका काकांनी डोळे मिचकावले, "म्हणून तर सोपं ना पोरी." उरलेल्या निम्म्यांचं मत मुमताजकडं पडलं. मुमताज १६३१मध्ये बऱ्हाणपुरात वारली, आधी तिला तापीपलीकडं आहुखान्यात ठेवलं, हे आमच्याकडं रिक्षात बसणाऱ्याला भाडं ठरायच्या आत कळतं. ताजमहालसुद्धा इथंच व्हायचा होता म्हणतात. तो का झाला नाही याची कारणं मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतात : कोणी माती काढतं, कोणी वाळवी, कोणी संगमरवराची वाहतूक. म्हणजे त्या प्रकल्पालाही ओट्यावरून सूचना आल्या आणि कार्यक्षेत्र बदलावं लागलं. शहाजहान बादशहा होता, तरीही. माझी काय कथा?

तर शीर्षक ठरलं : 'बऱ्हाणपूर जिल्ह्यातील केळी उत्पादकांच्या निर्णयप्रक्रियेचे विश्लेषणात्मक अध्ययन : शाहपूर परिसराच्या विशेष संदर्भात'. गाइडसरांनी पहिल्या भेटीत 'विशेष' खोडलं, दुसऱ्या भेटीत परत आणलं. शीर्षक पाहून बाबा म्हणाले, "यात केळी कुठं आहे ते सापडायलेच दहा मिनिटं लागतात."

आमच्याकडं प्रश्नावली वारशानं मिळते. एका वरिष्ठ संशोधकानं माळव्यात सोयाबीनवर काम केलं होतं. त्याची प्रश्नावली तपासलेली, मान्य झालेली, म्हणजे सोवळ्यातली. ती पुढच्याकडं देताना संगणकावर एका फटक्यात 'सोयाबीन' काढून 'केळी' घातलं गेलं, आणि मी ती घेऊन बागेत उतरले. प्रश्न क्रमांक नऊ : 'केळीचे बियाणे प्रतिएकर किती किलो पेरता?'

ज्या दादांना हा प्रश्न पहिल्यांदा ऐकायला मिळाला त्यांनी तो मला पुन्हा वाचायला लावला. मग शेजारच्या बागेतल्या दोघांना हाका मारून बोलावलं आणि तिसऱ्यांदा वाचायला लावला. "गोणीभर लिहा," एकानं उत्तर दिलं. "फेकून पेरता का पाभरीनं, तेही विचारत असतील कागदात," दुसरा म्हणाला. विचारत होते. प्रश्न क्रमांक दहा तोच होता. त्या दिवसापासून 'पाभरीनं केळी पेरणारी पोरगी' ही माझी ओळख शाहपूरपासून इच्छापूरपर्यंत पसरली, आणि खरं सांगायचं तर त्याचा फायदाच झाला. ओळख करून द्यायचा वेळ वाचला. लोक आपणहून बोलवायचे, "आमच्याकडं नाही आली का अजून? ये, तो नववा प्रश्न वाच."

गाइडसरांना सांगितलं, तर ते गंभीर झाले. "ते प्रमाणित साधन आहे. मनाला येईल तसं बदलता येणार नाही." मग बराच वेळ दोघंही गप्प. त्यांनीच शेवटी वाट काढली : आतापर्यंत जे झालं त्याला पायलट स्टडी म्हणायचं. पायलट स्टडीत प्रश्नावलीतले दोष निघाले की ती बदलता येते, किंबहुना बदललीच पाहिजे. एका शब्दासरशी माझी सगळी फजिती 'पद्धतिशास्त्र' या प्रकरणात सन्मानानं जाऊन बसली. संशोधन म्हणजे काय, हे मला त्या दिवशी बरंचसं कळलं.

नवी प्रश्नावली घेऊन निघाले, तर जमिनीवर अडलं. 'एकूण केळी क्षेत्र (हेक्टर)' असा रकाना होता. एका नानांना विचारलं, "केळी किती आहे?"

"सहा हजार."

आमच्याकडं केळी एकरात मोजत नाहीत, खोडात मोजतात. सोयरीक जुळवतानाही "दहा हजार केळी आहे" म्हटलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. आता सहा हजार खोडांचं हेक्टर करायचं तर लागवडीचं अंतर पाहिजे. पाच बाय पाच फुटांवर एकरी १,७४२ झाडं बसतात, सहा बाय पाचवर १,४५२. म्हणजे तीच सहा हजार एका हिशेबानं साडेतीन एकराच्या आत राहतात, दुसऱ्या हिशेबानं चार एकराच्या बाहेर जातात. मी इमानेइतबारे गणित करून १.३९ हेक्टर लिहिलं. सरांनी त्याभोवती लाल वर्तुळ काढलं आणि समासात विचारलं, 'शेतकऱ्याने इतकी अचूक माहिती दिली?'

दिली नव्हती. आणि जी दिली होती तीही टिकली नाही, कारण नाना "सहा हजार" म्हणाले तसा घरातून आवाज आला, "सहा कुठची? एक हजार हरण्या रोगानं गेली."

हा आतला आवाज माझ्या प्रबंधाचा खरा मार्गदर्शक आहे. त्याचं नाव मुखपृष्ठावर घालायची सोय नाही. प्रश्नावलीत प्रश्न पहिला 'कुटुंबप्रमुखाचे नाव' असा असतो. तिथं नाना, आबा, आप्पा, जो कोणी खाटेवर बसलेला असेल तो स्वतःचं नाव सांगतो. मग सगळी उत्तरं तोच देतो आणि सगळ्या दुरुस्त्या आतून येतात. रोपं कोणत्या नर्सरीतून आणली? "जळगावहून." आतून : "ती मागच्या वर्षी. यंदा उधार मिळाली तिथून." खतावर किती खर्च? "तीस हजार." आतून नुसतंच खाकरणं. नाना आकडा वाढवतात. कर्ज आहे का? "नाही." आतून भांडं पडतं.

निर्णयप्रक्रियेचा अभ्यास करायला निघालेल्या बाईनं ओसरीवर बसून चालणार नाही एवढं मला भांड्यांनीच शिकवलं. मी उंबऱ्यावर बसायला लागले, एक कान बाहेर, एक कान आत. हळूहळू आत सरकत चुलीपर्यंत पोचले. बाहेर छापील प्रश्नांची उत्तरं मिळत, आत न छापलेल्या प्रश्नांची. एक काकू कळण्याची भाकरी थापत होत्या. परातीत पीठ मळताना नवती, म्हणजे नवी बाग, कधी लावायची, ते सांगितलं. भाकरी तव्यावर टाकून, पाणी फिरवता फिरवता, बाग पिलावर ठेवायची का मोडायची हे कसं ठरतं, ते सांगितलं. भाकरी उलटली, आणि यंदा मोडायची आहे हे नानांना अजून सांगितलेलं नाही, तेही सांगितलं. "लिहू नको बरं," एवढी अट. मी लिहिलं नाही. पण त्या वर्षी ती बाग मोडली, आणि नाना मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "बाग मोडायचा निर्णय घेतला मी. तुझ्या कागदात घे."

घेतला. 'निर्णयकर्ता : पुरुष' या रकान्यात आणखी एक खूण पडली. समासात मी पेन्सिलीनं भाकरीचं चित्र काढलं. सरांनी त्यालाही 'संदर्भ?' असं विचारलं.

प्रत्येक प्रश्नावलीच्या शेवटी 'इतर सूचना असल्यास' असा चार ओळींचा रकाना असतो. माझ्याकडच्या गठ्ठ्यात तो जवळजवळ सगळीकडं कोरा आहे. काही ठिकाणी 'नाही', एका ठिकाणी 'चहा घेऊन जाणे'. आता शाहपूरच्या माणसाला सूचना नाहीत यावर जो विश्वास ठेवील त्याला शाहपूर माहीत नाही. रकाना भरायच्या वेळी ज्यांना काही सुचत नाही, त्यांना मी पेन बंद केलं की सुचायला लागतं. वही पिशवीत गेली की गळा मोकळा होतो. आणि गाडीला किक मारली की खरी मुलाखत सुरू होते.

एका आबांचं उदाहरण देते. दोन तास त्यांनी 'हो', 'नाही', 'ठीक आहे' यापलीकडं शब्द खर्च केला नाही. सूचना? "काही नाही बाई." मी निघाले, ते सोबत बांधापर्यंत आले. वाटेत ठिबकची नळी एका ठिकाणी चिळकांडी मारत होती. वाकून त्यांनी ती बोटानं दाबली, खिशातून गुटी काढून बसवली, आणि उठता उठता शेजारच्या खोडाला लागलेल्या पिलांकडं विळ्यानं खूण केली. "यातलं कोणतं ठेवशील?" चार पिलं होती. एकाचं पान रुंद, हिरवंगार, बाळसेदार. मी ते दाखवलं, कोणीही तेच दाखवेल. आबांनी पहिल्यांदा तेच छाटलं. कच्चकन आवाज, आणि कापल्या जागी पाणी जमलं. मग दुसरं, तिसरं. राहिलं ते बारीक अरुंद पानांचं, बुडाशी जाड असलेलं. "रुंद पानाचं दिसायले चांगलं, पण कंदाशी त्याची पकड नसते. हे रांगेत पण बसलं." विळा पुसला. "तू कागदावर दोन तास विचारलं, पण पिल कोणतं ठेवता हे काही विचारलं नाही. पुढचं वर्ष सगळं यावरच राहते."

हे सगळं त्यांनी काही सांगण्यासारखं नाही म्हणून झाल्यावर सांगितलं.

मी ते बांधावर बसून, आबा दिसेनासे झाल्यावर, घाईघाईनं लिहून काढलं. सर म्हणाले, "प्रश्नावलीत नसलेली माहिती ही माहिती नव्हे, गप्पा." पुढं संशोधन सल्लागार समितीसमोर सादरीकरण होतं, ते दर सहामाहीला असतं. तिथं एका सदस्यांनी याला सहभागी निरीक्षण म्हणतात असं सांगून मालिनोव्स्कीचं नाव घेतलं. मालिनोव्स्की पॅसिफिकमधल्या बेटांवर राहिला आणि १९२२मध्ये त्याचा ग्रंथ आला. त्यानंतर अशा गप्पांना शास्त्रात जागा मिळाली. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "मी तुला आधीच सांगत होतो, बांधावर जा." मी मान हलवली. तेव्हापासून मी वही मुद्दाम लवकर मिटते. आधी मिटायची, मग चहा मागायचा. आबांच्या बागेत मात्र मी वही उघडली की आबा म्हणतात, "मिट ते, मग सांगतो."

भावाबद्दल लिहायलाच हवं, पण थोडक्यात लिहिते, नाहीतर उरलेला लेख शिव्यांनीच भरेल. बऱ्हाणपूरच्या मंडीत केळीचा जो भाव निघतो त्याच्यावर पलीकडच्या रावेर-यावलपर्यंत लोकांचे कान असतात. 'विक्रीचा सरासरी भाव' असा माझा प्रश्न आहे. त्याचं उत्तर कोणीच सरळ देत नाही. आधी आज निघालेला भाव सांगतात, मग काल निघालेला, मग प्रत्यक्ष हातात पडलेला, आणि मग व्यापाऱ्याच्या घराण्याबद्दल काही माहिती देतात. ती मी कुठंही नोंदवलेली नाही.

मे-जूनच्या वादळाचं मात्र सावकाश सांगावं लागेल. पावसाच्या तोंडावर एक वारा सुटतो. अर्ध्या तासाचा खेळ असतो; घड लागलेली झाडं घडाच्या वजनानंच कमरेतून मोडतात. एके वर्षी एका बागेत मी आदल्या दिवशी अर्धी मुलाखत सोडून आले होते, उरलेले प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री वारा आला. सकाळी गेले, तर बाग झोपलेली. सगळी झाडं एका दिशेला. घड चिखलात, केळी बोटाएवढी, विकताही येणार नाहीत अशी. दादा बांधावर उकिडवे बसले होते. परत जावं म्हणून मी वळले, तर तेच म्हणाले, "राहिलं होतं ना तुझं? विचार." मी नको म्हणत होते, ते ऐकेनात. कागद उघडला. पुढचा प्रश्न : 'केळी पिकापासून मिळणाऱ्या उत्पन्नाबाबत आपण किती समाधानी आहात? अत्यंत समाधानी / समाधानी / तटस्थ / असमाधानी / अत्यंत असमाधानी.'

ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी लिकर्ट नावाच्या अमेरिकन माणसानं १९३२ साली मांडली. त्याच्याकडं केळी नसावी.

दादांनी पाचही पर्याय पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, "सगळ्यात खालचं लिही. आन् त्याच्या खाली एक रेघ मार." मी रेघ मारली. दादाच आधी हसले.

सरांनी नंतर त्या रेघेवर बोट ठेवलं. "हा सहावा पर्याय कुठून आला? मोजपट्टीच्या दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत." मी म्हटलं, सर, मग वरही एक रेघ मारावी लागेल, तशी कोणी मागितली नाही. सर काही वेळ त्या कागदाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "परिशिष्टात टाक." सरांच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात प्रेमळ वाक्य आहे, हे पीएच.डी. करणाऱ्यांना समजावून सांगायला नको.

त्याच आठवड्यात पंचनाम्याला पटवारी आले. आता बागेत दोन माणसं कागद घेऊन हिंडत होती, आणि गावानं दोघांना एकाच खात्यातलं धरलं. मी पुढच्या बागेत गेले तर न विचारता नुकसानीचा आकडा मिळाला, तोही भरघोस. मी पटवाऱ्यांबरोबर नाही हे कळल्यावर तो उतरला. त्यातून माझ्या लक्षात आलं, की आमच्याकडं उत्पन्नाचे तीन आकडे असतात : एक तहसीलसाठी, एक बँकेसाठी आणि एक सोयरिकीसाठी. तिन्ही खरेच असतात. प्रश्न फक्त कोण विचारतंय एवढाच. बाहेरगावच्या संशोधकाला पहिला मिळतो. मी गावची पोरगी आणि लग्नाची, म्हणून मला काही घरांत तिसरा मिळाला, सोबत मुलाचा फोटोही. सरांनी विचारलं, "विश्वासार्हता कशी तपासली?" मी म्हटलं, तिन्हींची सरासरी. ते त्यांना आवडलं. त्यांना वाटलं, ही काही संख्याशास्त्रीय पद्धत असावी.

सरांबद्दल तक्रार करावी असं वाटलं होतं, पण विचार केला तर माणूस वाईट नाही. फक्त त्यांचे अभिप्राय एकमेकांना भेटलेले नाहीत. पहिल्या मसुद्यात 'फार लांबले' म्हणून खोडलेला परिच्छेद दुसऱ्या मसुद्यात नव्हता, तिथं 'येथे विस्तार हवा' असं आलं. मी खोडलेलाच परत चिकटवला. 'आता चांगले झाले.' केळीला पाणी लागते, या वाक्याशेजारी 'संदर्भ?' होता. बाबांना वाईट वाटलं, आजोबांपासून घरात हे ठाऊक आहे म्हणाले. मी एका पुस्तकाचा संदर्भ दिला. पुस्तक ज्यानं लिहिलं त्यानं तापीकाठ पाहिला होता का, हे त्यात नव्हतं. पण खूण लागली.

मग साम्य तपासणारं सॉफ्टवेअर आलं. २०१८च्या नियमांप्रमाणं प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. त्यापुढं चाळीसपर्यंत गेलं तर दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो. साठीच्या पुढं नोंदणीच जाते. माझ्या प्रबंधात सर्वांत जास्त लाल झालं ते दुसरं प्रकरण, 'अध्ययनक्षेत्राचा परिचय'. बऱ्हाणपूर जिल्हा १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडव्यापासून वेगळा झाला, दक्षिणेला महाराष्ट्र आहे, तापी इथून वाहते. आता माझ्याआधी ज्यांनी लिहिलं त्यांच्याही प्रबंधात जिल्हा तिथंच होता आणि तापी तीच होती, याला माझा इलाज नव्हता. मी वाक्यं उलटी केली : तापी जिच्यातून वाहते असा, महाराष्ट्राच्या उत्तरेस असलेला. लाल रंग गेला. जिल्हा ओळखू येईना. सर म्हणाले, "भाषा क्लिष्ट झाली आहे."

अशा दिवसांत माणूस थोरामोठ्यांत आधार शोधतो. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनला 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध १९२३च्या मार्चमध्ये दिला, तर तो आहे तसा स्वीकारला गेला नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा दिला, नोव्हेंबरमध्ये मान्य झाला. पुढं तो पुस्तकरूपानं आला, तेव्हा त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि त्या प्रस्तावनेतच आपले लेखकाशी मतभेद आहेत हे सांगून टाकलं. इरावती कर्वे तर बर्लिनमध्ये होत्या, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या शेवटी. गाइड ऑयगन फिशर, वंशश्रेष्ठतेचा सिद्धान्त मांडणारा. कवट्यांच्या असममितीवरून गोरे लोक बुद्धीनं वरचढ ठरतात, असं त्याला सिद्ध करून हवं होतं. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि तसं काही दिसत नाही असं लिहून दिलं. परक्या देशात, एकट्या बाईनं, गाइडला. गाइडनं काठावरचे गुण दिले. फिशरला पुढं नाझींनी डोक्यावर घेतलं. त्याचं शास्त्र आता कोणी विचारत नाही, आणि इरावतीबाईंची पुस्तकं माझ्या टेबलावर आहेत.

हे मी ओट्यावर सांगितलं, जरा आवेशातच. सगळे ऐकत होते. शेवटी एक आप्पा म्हणाले, "बरोबर आहे. पण त्यांचे गाइड फोन तरी उचलत असतील."

आईनं प्रबंध वाचलेला नाही. ती म्हणते, तिच्याबद्दल असेल तर ती आहेच, आणि नसेल तर कशाला वाचू? पूर्वसादरीकरणाला मात्र ती आली, मागच्या रांगेत बसली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी विचारलं, "केळीच का?" या प्रश्नाला मी तयारीनं गेले होते : क्षेत्र, उत्पादन, 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत बऱ्हाणपूरला केळीच दिलेली, पलीकडं जळगावच्या केळीला २०१६मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन. सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. परत येताना बसमध्ये आई म्हणाली, "दुसरं काय लावणार, हे सांगायचं होतं. उसाले पाणी पुरत नाही, कपाशीले मजूर मिळत नाही. सोपं होतं." ते मी त्याच रात्री निष्कर्षात घातलं. सरांनी त्याला 'मौलिक' म्हटलं.

शेवटचं काम बाइंडिंगचं. बऱ्हाणपुरात एक दुकान आहे. लग्नपत्रिका, वह्या, प्रबंध, जे येईल ते बांधतात. मरून रंगाचं कव्हर, सोनेरी अक्षरं. कापायच्या आधी पानांचा क्रम तपासायचा म्हणून काका एकेक पान उलटत होते. चौथ्या प्रकरणाशी थांबले. चष्मा वर केला. माझ्या प्रबंधात कोणाचं नाव नाही. सगळ्यांना क्रमांक दिलेले आहेत, ओळख कुठंही फुटू नये म्हणून. काकांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "शाहपूर, सहा हजार केळी, एक हजार रोगानं गेली. म्हणजे आमचे व्याहीच की."

मी काही बोलले नाही. संशोधनाची नीतिमत्ता म्हणून एक उपप्रकरण आहे माझं, पाच पानांचं.

"उत्पन्न एवढंच सांगितलं त्यांनी?" काका खालच्या ओळीकडं बघत म्हणाले. "सोयरिकीत तर दुप्पट सांगितलं होतं." मग जरा विचार करून, "एक प्रत रात्री घरी नेऊ का वाचायला? सकाळी बांधून देतो."

गाइडनंतर हा प्रबंध पूर्ण वाचू इच्छिणारा तो पहिलाच माणूस होता. मी हो म्हटलं. सकाळी गेले, तर सगळ्या प्रती बांधून तयार, सोनेरी अक्षरं लखलखीत. वरची उघडून पाहिली. केळीच्या भावाच्या तक्त्यात एक आकडा पेन्सिलीनं खोडून दुसरा लिहिला होता आणि पुढं 'मंडीत विचारून घेणे' असं टिपण होतं. मी रबर मागितला.

"राहू द्या," काका पावती फाडत म्हणाले. "साहेबांना उपयोगी पडेल."